उंदीर, कोंबडी आणि माहेरची वही

मैत्रिणींनो, माहेरून आपण काय काय आणतो याची यादी करायला बसलं, तर वहीची पानं पुरायची नाहीत. कुणी पाटल्या आणते, कुणी आईची पैठणी, कुणी गोड्या मसाल्याचं प्रमाण. कुणी वडिलांचं नाक घेऊन येते, तर कुणी आजीचा तापट स्वभाव. पण आणखीही एक गोष्ट आपल्याबरोबर येते. ती ट्रंकेत दिसत नाही, आरशातही दिसत नाही, आणि रुखवतात तर तिला कुणीच मांडत नाही. आज मला तुमच्याशी तिच्याविषयी बोलायचं आहे. बोलता बोलता त्यात उंदीर येतील, कोंबड्या येतील. नाक मुरडू नका. दुपारची झाकपाक झाली असेल तर जरा टेका आणि वाचा.

आमची आई एकोणपन्नासाव्या वर्षी गेली. तिचं दुखणं सुरू झालं ते अगदी तुमच्या-आमच्या घरात रोज चालतं तसं. पोट फुगल्यासारखं वाटायचं. चार घास खाल्ले की पुरे व्हायचं. लघवीला सारखं जावं लागायचं. तिनं ओवा चावला, हिंगाचं पाणी घेतलं, परकराची नाडी सैल केली आणि "चाळिशीनंतर पोट सुटायचंच" म्हणून कामाला लागली. तपासणी झाली तेव्हा पोटात पाणी भरलेलं होतं आणि अंडाशयाचा, म्हणजे आपण ज्याला ओव्हरी म्हणतो तिचा, कॅन्सर सगळ्या पोटात पसरला होता. आठ महिन्यांत सगळं संपलं.

थोरली मावशी आईच्या आधी चार वर्षं गेली होती. तिचं नाव निघालं की "पोटात पाणी झालं होतं" एवढंच सांगायचे. कॅन्सर हा शब्द त्या घरात कुणी उच्चारत नसे. दोघी सख्ख्या बहिणी, दोघींचं दुखणं एकच, पण दोन्ही गोष्टी एका ओळीत मांडून बघाव्यात असं वाटण्याचे ते दिवस नव्हते.

मग माझी धाकटी बहीण चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याच वाटेनं दवाखान्यात गेली. या वेळी मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी पोट तपासायच्या आधीच विचारलं, "माहेरी आणखी कुणाला होतं?" बहिणीनं आईचं नाव सांगितलं, मावशीचं सांगितलं. बाईंनी एक कागद ओढला, त्यावर गोल आणि चौकोन काढले, बायकांचे गोल, पुरुषांचे चौकोन, आणि रक्ताची तपासणी लिहून दिली. महिन्याभरानं उत्तर आलं. बीआरसीए १ नावाच्या जनुकात दोष.

जनुक म्हणजे काय, हे मला समजलं तसं सांगते. आपल्या प्रत्येक पेशीत शरीर कसं चालवायचं याच्या कृती लिहिलेल्या असतात. प्रत्येक कृतीच्या दोन प्रती, एक आईकडची, एक वडिलांकडची. बीआरसीए १ ही रफूगाराची कृती आहे. पेशीतला हा लिहिलेला धागा रोजच्या वापरात कुठे कुठे तुटतो. तो नीट सांधणं हे या जनुकाचं काम. अमेरिकेतल्या मेरी-क्लेअर किंग या बाईंनी बरीच वर्षं घराणीच्या घराणी तपासून १९९० साली दाखवून दिलं, की स्तनाच्या आनुवंशिक कॅन्सरचं एक जनुक आपल्या सतराव्या गुणसूत्रावर आहे. १९९४ साली ते नेमकं हाती लागलं. त्याचा जोडीदार बीआरसीए २ पुढच्याच वर्षी सापडला. हॉलिवूडच्या अँजेलिना जोलीबद्दल २०१३ साली तुम्ही वाचलं असेल. तिची आई ओव्हरीच्या कॅन्सरनं गेली आणि तिच्यात सापडला तो दोषही बीआरसीए १ चाच.

बहिणीनंतर माझी तपासणी झाली. माझ्यातही तोच दोष निघाला.

डॉक्टरीणबाईंनी मला आकडा सांगितला. हा दोष असलेल्या शंभर जणींपैकी सुमारे चव्वेचाळीस जणींना ऐंशी वर्षांच्या वयापर्यंत ओव्हरीचा कॅन्सर होतो. बीआरसीए २ मध्ये दोष असेल तर शंभरात सुमारे सतरा जणींना. घरी आले, पोळ्या लाटल्या, आणि रात्री पडल्या पडल्या एकच प्रश्न डोक्यात घोळायला लागला. चव्वेचाळीसच का? दोष जन्मापासून अंगात आहे, तर शंभरच्या शंभर जणींना का नाही? आणि होतो त्यांना चाळीस-पन्नास वर्षं थांबून का होतो?

त्या दिवाळीत माझ्या नणंदेची लेक अमेरिकेहून आली होती. ती तिकडे एका प्रयोगशाळेत काम करते. फराळाला बसली असताना मी तिला हेच विचारलं. ती म्हणाली, "मामी, हा तर आमचा रोजचा प्रश्न. फक्त आम्ही तो उंदरांना विचारतो."

मी म्हटलं, "उंदीर काय सांगणार बाई? आमच्या माळ्यावरचा तर पोह्यांचा डबा सोडून कशाला उत्तर देत नाही."

ती हसली, आणि मग चकल्यांचं ताट मध्ये ठेवून तिनं मला जे सांगितलं, ते मी नंतर मिळेल ते वाचून पडताळून घेतलं. तेच तुमच्यापुढे ठेवते आहे.

उंदीरच का? तर त्याच्या अंगातल्या कृती आपल्याशी फार जुळतात. आपलं बीआरसीए १ सतराव्या गुणसूत्रावर, त्यांचं अकराव्यावर, पण काम एकच. उंदरीण तीन आठवड्यांत वितें, पिल्लं दोनेक महिन्यांत वयात येतात आणि एकूण आयुष्य दोनेक वर्षांचं. म्हणजे आपल्याकडे आजी, आई, लेक अशा तीन पिढ्या बघायला माणसाचा सगळा जन्म जातो, ते तिथे वर्षाच्या आत दिसतं. शिवाय एखादं ठराविक जनुक मोडलेला उंदीर जन्माला घालण्याची युक्ती १९८९ सालापासून हाती आहे. ती काढणाऱ्या तिघांना २००७ साली नोबेल मिळालं. पिल्लाच्या शेपटीचा किंवा कानाचा इवलासा तुकडा घेऊन त्याच्यात कोणती प्रत आली आहे हे तपासतात, आणि तशी पिंजऱ्यावर चिठ्ठी लागते.

आता गंमत ऐका. बीआरसीए १ सापडलं तेव्हा शास्त्रज्ञांना वाटलं, सोपं आहे, उंदरात हे जनुक मोडायचं, की उंदरिणींना आपल्यासारखा कॅन्सर होईल. १९९६ च्या सुमारास ते प्रयोग झाले. दोन्ही प्रती मोडल्या तर पिल्लू जन्मालाच येईना, गर्भ पोटातच विरून जाई. आणि एकच प्रत मोडली, म्हणजे माझ्यासारखी स्थिती केली, तर उंदरिणी खाऊनपिऊन खुशाल. त्यांना काही होईना.

वरवर हा प्रयोग फसला असं वाटतं. पण त्यातच माझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर होतं. एक, हे जनुक कॅन्सरचं जनुक नव्हेच. ते इतकं गरजेचं आहे की त्याच्यावाचून जीव आकारही घेत नाही. कॅन्सर होतो तो ते बिघडल्यामुळे. आणि दोन, एका प्रतीचा दोष पुरेसा नसतो. दुसरी चांगली प्रत काम रेटत असते. कुठल्यातरी एका पेशीत ती दुसरीही बिघडावी लागते, आणि त्याला वेळ लागतो. उंदराच्या दोन वर्षांच्या आयुष्यात एवढा वेळच मिळत नाही, हे त्याचं एक कारण मानतात.

मग प्रयोग करणाऱ्यांनी दुसरी वाट धरली. २००२ साली अमेरिकेत एका गटानं उंदरिणीच्या ओव्हरीतल्या पेशी बाहेर काढून त्यांच्यात एक एक बिघाड मुद्दाम घडवला. त्यासाठी कोंबड्यांच्या एका विषाणूचा टपालवाल्यासारखा उपयोग केला. पी ५३ नावाचं एक राखणदार जनुक आहे. ते पेशीत काही बिघडलं की तिला थांबवतं, नाहीतर मरायला लावतं. नुसतं पी ५३ गेलं तर गाठ झाली नाही. त्याच्या जोडीला आणखी एकच बिघाड केला तरी झाली नाही. आणखी दोन बिघाड जोडीला आल्यावर मात्र झाली. पुढे २०११ साली ४८९ बायकांच्या गाठी तपासल्या, तेव्हा ओव्हरीच्या सगळ्यात नेहमीच्या आणि घातक प्रकारात शंभरापैकी शहाण्णव गाठींत हाच राखणदार बिघडलेला सापडला.

म्हणजे बघा, माझ्या अंगात जे आलं आहे ती पहिली पायरी. पुढच्या पायऱ्या पेशीनं आयुष्यात स्वतः चढायच्या असतात. त्या चढतीलच असं नाही, म्हणून शंभरातल्या शंभर जणींना होत नाही. त्या चढायला वर्षं लागतात, म्हणून विशीत होत नाही. हे समजलं त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली. धोका तेवढाच होता. पण कपाळावर लिहिलेलं आणि वाटेत अडवता येण्याजोगं, यात फरक आहे ना?

आता अडवायचं ते कुठे? इथे उंदरिणींनी दुसरं मोठं काम केलं.

या रोगाला आपण सगळे ओव्हरीचा कॅन्सर म्हणत आलो. पण २००१ साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसली. घराण्यात हा रोग असलेल्या बायकांच्या खबरदारी म्हणून काढलेल्या अवयवांत पहिले बिघाड ओव्हरीत नाहीत, तर तिच्या शेजारच्या नळीत होते. ही नळी म्हणजे कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनात बांधतात तीच ट्यूब. पुढे बॉस्टनमधल्या तज्ज्ञांनी ट्यूबच्या टोकाच्या अगदी पातळ चकत्या करून बघण्याची पद्धत पाडली, आणि ज्या टोकाकडे पूर्वी कुणी लक्ष देत नव्हतं तिथेच रोगाची सुरुवात वारंवार सापडू लागली.

तरी शंका उरतेच. आधी ट्यूबमध्ये होऊन ओव्हरीत गेला, की ओव्हरीतून ट्यूबमध्ये आला? बाईच्या बाबतीत हे थांबून बघता येत नाही. उंदरिणीच्या बाबतीत येतं. २०१२ साली ह्यूस्टनमधल्या संशोधकांनी दोन जनुकं मोडलेल्या उंदरिणी घेतल्या, ज्यांना हाच कॅन्सर व्हायचा. काहींच्या ओव्हरी लहान वयात काढल्या, तरी कॅन्सर झाला. काहींच्या ट्यूब काढल्या, त्यांना झाला नाही. इतकं सरळ उत्तर विज्ञानात क्वचित मिळतं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटानं उंदरिणीच्या फक्त ट्यूबमधल्या पेशींत बीआरसीए, पी ५३ आणि आणखी एक जनुक मोडलं, आणि रोग तिथे सुरू होऊन ओव्हरीवर व पोटात पसरताना पाहिला.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात तर बायकांच्या तपासण्यांवरूनच २०१० सालापासून डॉक्टरांना सांगायला सुरुवात झाली होती, की पिशवी काढताना किंवा मुलं बंद करण्याचं ऑपरेशन करताना ट्यूब नुसती बांधू नका, काढूनच टाका. उंदरिणींच्या उत्तरानं त्या सल्ल्याला बळ आलं. तेव्हा तुमच्यापैकी कुणाचं असं ऑपरेशन ठरलं असेल, तर "ट्यूबचं काय करणार?" एवढा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. तो अडाणी प्रश्न नाही.

मात्र माझ्यासारख्यांना अजून नुसत्या ट्यूब काढून चालत नाही. बीआरसीए १ असेल तर मुलंबाळं झाल्यावर पस्तीस ते चाळिशीच्या दरम्यान ओव्हरी आणि ट्यूब दोन्ही काढाव्यात, बीआरसीए २ असेल तर चाळीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान, असा सल्ला देतात. आधी ट्यूब आणि काही वर्षांनी ओव्हरी काढली तर चालेल का, हे बायकांमध्ये अजून तपासणं चालू आहे. उंदरिणीत चाललं ते आपल्यात तसंच चालेल असं धरून चालत नाहीत. तिला आपल्यासारखी पाळी येत नाही. तिची ओव्हरी एका पातळ पिशवीत गुंडाळलेली असते, आपली उघडी असते.

माझं ऑपरेशन सेहेचाळिसाव्या वर्षी झालं. पाळी एका दिवसात बंद झाली. भर थंडीत अंगातून गरम वाफा यायच्या आणि मी अंगणात जाऊन उभी राहायची. सासूबाई पदरानं वारा घालायच्या. त्या एकदा म्हणाल्या, "आमच्या वेळी अशी सोय असती तर तुझ्या आईला बघता आलं असतं मला." काढलेल्या ट्यूबच्या बारीक चकत्या करून तपासल्या. काही निघालं नाही. तो कागद मी सोन्याच्या पावत्यांबरोबर कपाटात ठेवला आहे.

आता कोंबडी. उंदरिणीला हा रोग आपण होऊन क्वचितच होतो, तो घडवावा लागतो. पण अंडी देणाऱ्या कोंबडीला वय वाढलं की तो आपोआप होतो, आणि अगदी आपल्यासारखा, पोटात पाणी होऊन सगळीकडे पसरतो. का? तर बिचारी जवळजवळ रोज अंडं घालते. १९७१ साली इजिप्तच्या डॉ. महमूद फथल्ला यांनी एक विचार मांडला होता, की ओव्हरीतून बीज सारखं सुटत राहणं हेच या रोगाचं एक कारण असावं. आता आपल्या आज्या आठवा. आठ-नऊ बाळंतपणं, प्रत्येक मूल दोन-दोन वर्षं अंगावर पीत असायचं. मधल्या काळात बीज सुटणं बंदच. आपल्याला एक-दोन मुलं, म्हणजे बीज सुटण्याच्या पाळ्या कितीतरी जास्त. म्हणून कुणी नऊ मुलं व्हावीत असं म्हणणार नाही. बाळंतपणातच किती जणी जायच्या ते आपल्याला माहीत आहे!

कोंबड्यांत असा एक वाण आहे की त्यातल्या काही माद्यांत जन्मतः एका जनुकाचा दोष असतो आणि त्या अंडी जवळजवळ घालतच नाहीत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की त्यांच्या अंडी घालणाऱ्या बहिणींपेक्षा त्यांना हा कॅन्सर फार कमी होतो. बायकांचंही तसंच. एकवीस देशांतले पंचेचाळीस अभ्यास २००८ साली एकत्र करून पाहिले. संततिनियमनाच्या गोळ्या घेणाऱ्यांत दर पाच वर्षांमागे धोका सुमारे एक पंचमांशानं कमी झालेला दिसला. पण गोळ्यांचे दुसरे परिणाम असतात, तेव्हा हे वाचून कुणी आपल्या मनानं सुरू करू नये.

कोंबड्यांची आणखी एक गोष्ट. एका प्रयोगात म्हाताऱ्या कोंबड्यांना वर्षभर जवस घातलेलं खाद्य दिलं. त्यांचा रोग कमी पसरला आणि त्या जास्त जगल्या. झालं! मी हे आमच्या भिशीत सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी वाण्याकडचा जवस संपला. मैत्रिणींनो, जवसाची चटणी मीही करते. भाकरीबरोबर छान लागते. पण ती खाऊन कॅन्सर होत नाही असं त्या कोंबड्यांनी सांगितलेलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं, की इथे शोधण्यासारखं काही आहे. प्राण्यावरचा प्रयोग म्हणजे दारावरची थाप. दार उघडतं ते माणसांवर नीट तपासल्यावरच.

दार उघडल्याचं एक उदाहरण माझ्या घरातच आहे. रफूगार मघाशी सांगितला ना? पेशीत दोन रफूगार आहेत असं समजा. कापड आरपार फाटलं तर बीआरसीए सांधतो. नुसता एक धागा तुटला तर पार्प नावाचा दुसरा कारागीर सांधतो. ज्या गाठीत बीआरसीए आधीच नाही, तिथला पार्पही अडवला तर? भोकं वाढत जातात आणि ती गाठीची पेशी मरते. बाकीच्या पेशींत एक प्रत शाबूत असल्यानं त्या तगतात. २००५ साली इंग्लंडमधल्या दोन गटांनी हे पेशींत आणि उंदरांत दाखवलं. २००८ साली ॲमस्टरडॅममध्ये बीआरसीए १ मोडलेल्या उंदरिणींच्या स्तनातल्या गाठी या औषधानं विरल्या. पण पुढे काही गाठींनी औषध बाहेर फेकायला शिकून घेतलं, तेही त्यांच्यातच दिसलं. २०१४ च्या डिसेंबरात अमेरिका आणि युरोपात ओव्हरीच्या कॅन्सरसाठी ओलापरिब ही गोळी मंजूर झाली. माझी बहीण ऑपरेशन आणि केमोथेरपीनंतर गेलं दीड वर्ष ती सकाळ-संध्याकाळ घेते. मळमळतं, हिमोग्लोबिन उतरतं. पण या संक्रांतीला तिनं स्वतः तिळगूळ केले आणि वाटायलाही स्वतः गेली.

हे सगळं साता समुद्रापलीकडचं, असं समजू नका. आपल्या कमल रणदिवे आठवतात का? १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या, हुजूरपागेत शिकलेल्या. सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांवर त्यांनी एम. एस्सी. केलं. लग्न होऊन मुंबईला आल्या. संसार सांभाळून १९४९ साली डॉ. खानोलकरांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवली. मग परळच्या कॅन्सर संशोधन केंद्रात पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली, आणि उंदरांचे वाण सांभाळून स्तनाचा कॅन्सर, आनुवंशिकता आणि हार्मोन यांचा संबंध शोधला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. बीआरसीए सापडण्याच्या कितीतरी आधी एक मराठी बाई हाच प्रश्न उंदरांना विचारत होती.

तुमच्यापैकी कुणाच्या मनात येत असेल, की त्या मुक्या जिवांचं काय? माझ्याही आलं. ज्याला आपण गणपतीच्या पायाशी बसवतो, त्यालाच सापळ्यातही पकडतो, असं आपलं त्याच्याशी नातं. नणंदेच्या लेकीला मी विचारलं, "तुला वाईट नाही वाटत?" ती म्हणाली, "वाटतं. वाटणं थांबलं तर मी हे काम सोडीन." आपल्या देशात १९६० चा कायदा आहे, आणि त्याखाली नेमलेली समिती प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवते. रुग्णाच्याच पेशींचे बारीक गोळे काचेच्या भांड्यात वाढवून त्यांच्यावर औषधं तपासण्याची वाटही निघाली आहे, त्यामुळे काही कामं प्राण्यांवाचून होतात. सगळी अजून होत नाहीत. मी एवढंच ठरवलं, की त्यांनी जीव देऊन जे सांगितलं ते मी तरी वाया घालवायचं नाही.

आणि ते वाया कसं जातं, हे मी घरातच पाहिलं. धाकट्या भावाला म्हटलं, तपासणी करून घे. तो म्हणाला, "ताई, मला कुठे ओव्हरी आहे?" भावजय तर रडकुंडीला आली. "वन्सं, पोरीचं लग्न व्हायचंय. एकदा कागदावर आलं की गावभर होईल." तिची भीती खोटी नव्हती. आपल्याकडे मुलीच्या घराण्याची चौकशी कशी होते, ते मला का माहीत नाही? पण मी तिला म्हटलं, "अगं, कागदावर नाही म्हणून ते अंगात नाही असं होत नाही. आईच्या कागदावरही नव्हतं. भावाला आलं असलं तर लेकीला यायची शक्यता निम्मी, मग ते बापाकडून आलं काय आणि आईकडून आलं काय." भावजयीनं चार महिने अबोला धरला. मग एके दिवशी तीच भावाला घेऊन गेली. त्याच्यातही दोष निघाला. माझी भाची बावीस वर्षांची आहे. तिला समुपदेशक बाईंनी सगळं समजावून सांगितलं आणि म्हणाल्या, घाई नाही, पंचविशीच्या आसपास तुझं तू ठरव. भाची शांत होती. आम्हीच दोघी बाहेर बसून डोळे पुसत होतो.

हे सगळं आज तुम्हाला का सांगते आहे? कारण स्तनाच्या किंवा गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसारखी ओव्हरीच्या कॅन्सरची आधी धरणारी तपासणी हाती नाही. इंग्लंडमध्ये दोन लाखांहून अधिक बायकांवर वर्षानुवर्षं रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून पाहिली. २०२१ साली निकाल आला, की त्यानं मृत्यू कमी झाले नाहीत. तेव्हा ज्यांच्या घराण्यात हा रोग आहे त्यांना सावध करणारी पहिली वस्तू म्हणजे घराण्याची आठवण. आणि ती आपल्याकडे तोंडी असते, अर्धीमुर्धी असते, "पोटात पाणी झालं" अशा शब्दांत झाकलेली असते.

म्हणून एक साधी वही करा. किराण्याच्या वहीशेजारी ठेवा. डाव्या पानावर आईकडची माणसं, उजव्या पानावर वडिलांकडची. आजी, आत्या, मावशी, काका, मामा. प्रत्येकापुढे कोणतं दुखणं आणि ते कितव्या वर्षी निघालं. ओव्हरी आणि स्तन तर लिहाच, पुरुषांचेही कॅन्सर लिहा, कारण या जनुकांचा त्यांच्याशीही संबंध असतो. थोरल्या बायकांना विचारा, पण प्रश्नपत्रिका घेऊन बसू नका. शेंगा निवडताना, वाती वळताना विचारा. त्या सांगतात. एकाच बाजूला दोन-तीन नावं आली, किंवा ओव्हरीचा कॅन्सर झालेली एक जरी जवळची बाई निघाली, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि आनुवंशिक तपासणी करायची का, ते विचारा. आणि वहीत काहीही नसलं, तरी पोट फुगणं, लवकर भरणं, ओटीपोटात दुखणं, लघवीला सारखं जावं लागणं हे दोन-तीन आठवडे रोज होत असेल, तर ओवा-हिंगावर थांबू नका.

माझ्या वहीत पहिलं नाव मावशीचं आहे. त्याच्यापुढे मी "पोटात पाणी" असं न लिहिता रोगाचं खरं नाव लिहिलं आहे. तुमच्या वहीतलं पहिलं नाव कुणाचं येईल? येत्या रविवारी आईला, नाहीतर आत्याला फोन करालच. तेव्हा विचारून घ्या.